खोकी विकून पोट भरतं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की डेन्मार्कमधे मोंताना नावाची बापलेकांची फर्निचर कंपनी आहे आणि ती चाळीसहून जास्त वर्षं मुळात एकच खोकं विकतेय. एवढ्यावरून इतकी पत्रं नि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकते. भिंतीची ओल, किचनमधल्या मुंग्या वगैरेवाल्यांनो, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न (कुडाळ): ताई, आमची सुतारकामाची शेड आहे, आजोबांपासूनची. मी पुण्याला इंटिरियरचा डिप्लोमा करून परत आलोय आणि मला मोड्युलरचं काम सुरू करायचंय. बाबा म्हणतात गिऱ्हाईक सांगेल तसं करून द्यायचं, तेच आपलं काम. आजोबा तर सरळ म्हणतात, "खोकी विकून काय पोट भरतला?" तुम्ही लिहिलेली ती डॅनिश कंपनी नक्की वाढली कशी ते जरा सविस्तर सांगाल का, घरात वाचून दाखवायचंय.

उत्तर: आजोबांना नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि ज्या माणसाने ती कंपनी काढली त्यालाही तो लोकांनी विचारलाच असणार, कारण तो काही पोरसवदा नव्हता, पन्नाशी उलटलेला होता. पीटर लासन त्याचं नाव, जन्म १९३०. त्याआधी बरीच वर्षं तो फ्रिट्झ हान्सन या जुन्या फर्निचर कंपनीत वरच्या जागेवर होता. ही कंपनी १८७२ पासूनची, आर्ने याकोबसनच्या मुंगी खुर्ची, अंडं खुर्ची वगैरे प्रसिद्ध खुर्च्या बनवणारी. म्हणजे चांगल्या डिझायनरबरोबर काम कसं करायचं, कारखाना कसा चालतो, माल परदेशात कसा जातो हे सगळं त्याने दुसऱ्याच्या घरात शिकून घेतलेलं होतं. १९७९ मधे ती कंपनी मूळ घराण्याच्या हातून बाहेरच्या मोठ्या मालकाकडे गेली आणि १९८२ मधे लासनने स्वतःचं काढलं, फ्यून नावाच्या बेटावर हॉर्बी म्हणून गाव आहे तिथे. आपल्या वेंगुर्ल्याहूनही कितीतरी लहान गाव. कारखाना आजही तिथेच आहे.

आता वेळ कुठली होती बघा. डॅनिश फर्निचरचा जो सोन्याचा काळ म्हणतात तो पन्नास-साठच्या दशकातला, सत्तरीत ती लाट ओसरली, कितीतरी वर्कशॉप बंद पडली. अशा पडत्या काळात या माणसाने सोफा नाही, डायनिंग टेबल नाही, खुर्ची पण नाही, फक्त कपाटाचं खोकं काढलं. मूळ खोकं ६९.६ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच उंच, चौकोनी. बारा मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंद घालून दाबलेला बोर्ड), म्हणजे आपल्याकडे अठरा मिलिमीटरचा प्लाय वापरतात त्याच्या मानाने एकदम सडपातळ, त्यामुळे चार खोकी एकावर एक ठेवली तरी ठोकळ्यासारखं दिसत नाही. त्या एका मापावरून अर्धं, पाव, दीडपट असे प्रकार काढले, सगळे मिळून साधारण ३६ मूळ आकार, आणि खोली चारच: २०, ३०, ३८ आणि ४६.८ सेंटिमीटर. बास. आत फळी टाका, खण टाका, दार लावा, खाली पाय लावा, चाकं लावा नाहीतर भिंतीवर टांगा. रचना गिऱ्हाईकाने करायची, माप मात्र कंपनीचं.

आणि ही कल्पना लासनच्या डोक्यात आकाशातून पडलेली नाही, त्याच्या आधी त्या देशात साठ वर्षं लोक मोजमाप करत बसले होते. कोरं क्लिंट नावाच्या आर्किटेक्टने १९२४ पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर शिकवायला घेतलं तेव्हा तो पोरांना आधी माणसाचं शरीर मोजायला लावायचा आणि मग ताटं, कपडे, पुस्तकं मोजायला लावायचा. मोगेन्स कॉक याने १९२८ मधे पुस्तकांचं एक चौकोनी कपाट केलं, ७६ बाय ७६ सेंटिमीटर, चार उभे चार आडवे कसेही लावा, ते आजही बनतं. मग पन्नासच्या दशकात बोअर मोगनसन आणि ग्रेटे मायर या दोघांनी तर घरातल्या शर्टांच्या घड्या, चमचे-काटे, भांडी सगळं मोजून त्यावरून भिंतीतल्या कपाटाची मापं ठरवली. आपल्याकडे कपाटाची खोली कशावरून ठरते सांगू का, प्लायचा उरलेला तुकडा केवढा आहे त्यावरून.

आता वाढ. माझं मत असं की रंग, जाहिरात, नावाजलेले डिझायनर हे सगळं नंतरचं, वाढीचं खरं कारण म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. आज कोणीतरी दोन खोकी घेतली, दोन वर्षांनी मूल झालं, आणखी एक घेतलं, घर बदललं, तीच खोकी नव्या भिंतीवर वेगळ्या रचनेत लागली आणि चार वाढली. कंपनीला प्रत्येक वेळी नवीन माणूस शोधावा लागत नाही, कामगाराला रोज नवीन काही शिकवावं लागत नाही, दुकानदाराला एकदा सिस्टीम समजली की तो आयुष्यभर विकू शकतो. आपल्याकडे जे मोड्युलर किचन म्हणून चालतं त्यात काय होतं, माणूस टेप घेऊन येतो, तुमची भिंत मोजतो, त्या भिंतीच्या मापाने कापून आणतो आणि बसवतो. पुढच्या घरी परत सगळं नवीन माप. काम झालं की ते गिऱ्हाईक परत फक्त तक्रार करायला येतं. यात फॅक्टरी फिनिश असेल, सॉफ्ट क्लोज असेल, पण धंद्याच्या दृष्टीने ते आजोबांच्याच पद्धतीचं काम आहे, फक्त आजोबांचं लाकूड चांगलं होतं.

म्हणजे तुमच्या घरात भांडण चाललंय ते जुनं विरुद्ध नवीन असं नाहीच आहे. बाबा म्हणतात गिऱ्हाईक सांगेल तसं, तर ते पण शक्य आहे, पण मापाच्या बाबतीत नाही. माप तुमचं. ते एकदा ठरलं की मग गिऱ्हाईकाला काय हवं ते करू दे.

अजून एक, डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, आपल्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. एवढ्याशा बाजारावर भागत नाही म्हणून तिथल्या फर्निचरवाल्यांना बाहेरदेशी माल पाठवणं भागच पडतं. तुम्हाला तसं काही नाही, गणपतीच्या आधी कुडाळ ते कणकवली एवढ्यातच तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसेल.

प्रश्न (रत्नागिरी): नेटवर फोटो बघितले, फारच सुंदर आहेत, पण एमडीएफ? आमच्याकडे चपलांच्या स्टँडला एमडीएफची फळी होती ती दुसऱ्या पावसाळ्यात पावासारखी फुगली. मग एवढी मोठी कंपनी असलं मटेरियल का वापरते, आणि आपण इकडे काय वापरायचं?

उत्तर: कारण त्यांच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा तुमच्याकडे जुलैच्या महिन्यातच पडून जातो. डेन्मार्कात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, कोकणात तीन हजारांच्या वर. शिवाय तिकडे थंडीत घरं तापवतात त्यामुळे आतली हवा उलट कोरडी होते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच एवढं पाणी असतं की मीठ पाझरतं, पापड मऊ पडतो, पट्ट्यांना नि पुस्तकांना बुरशी येते.

पण एमडीएफ वापरण्यामागे कंजुषी नाहीये हे लक्षात घ्या. लाकडाच्या चिपा करून, तंतू वेगळे करून, गोंद घालून दाबलेला तो बोर्ड, त्याला रेषा नसतात. लाकडाला रेषा असतात आणि लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सत्तर सेंटिमीटर रुंदीची सागाची अखंड फळी मे महिन्यात कापली तर भर पावसाळ्यात ती चार-पाच मिलिमीटर सहज वाढलेली असते, कोकणातल्या प्रत्येक घरात श्रावणात खण अडकतात आणि दार घासतं ते यामुळेच, आपले जुने सुतार म्हणूनच दाराची फळी चौकटीत खाच ठेवून सैल बसवायचे, तिला हलायला जागा द्यायचे. आता ज्याचा सगळा धंदाच एका मापावर उभा आहे त्याला असं वर्षात दोनदा माप बदलणारं लाकूड कसं चालेल. म्हणून एमडीएफ. वर रंगाचा थर सगळ्या बाजूंनी, कडांना पण, तो बोर्डाला सगळीकडून बंद करतो. तुमच्या स्टँडची फळी वरून लॅमिनेट लावलेली होती आणि खालची कड उघडी होती, बरोबर ना? पाणी तिथूनच शिरतं. चिरलेली कड म्हणजे बोर्डाचं उघडं तोंड.

तरी सुद्धा मी कोकणात साधं एमडीएफ वापरा असं सांगणार नाही, कितीही चांगला रंग दिला तरी. खोक्यासाठी प्लाय घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, ज्याला बाजारात मरीन किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) म्हणतात. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात आणि तरी थर सुटायला नको असतात. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही वेळ दाद न देणारा) पण येतो, त्याची उकळण्याची चाचणी आठ तासांची, कोरड्या खोलीतल्या कपाटाला तो चालतो, सिंकखाली नाही. शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका, मरीन शब्द इकडे फार स्वस्त झालाय. आणि प्लाय उकळत्या पाण्यात टिकतो म्हणजे वाळवी लागत नाही असं नाही, ते वेगळं. वाळवीसाठी खोकं जमिनीला टेकवूच नका, चार इंच पायावर उभं करा, भिंतीपासून बोटभर सोडा, हवा खेळली की बुरशी पण कमी.

दर्शनी भागाला, दाराला किंवा खणाच्या तोंडाला लाकूड हवं असेल तर वापरा की. फणसाचं पिवळं लाकूड वर्षागणिक तांबूस होत जातं त्याच्यापुढे कुठल्याही बेटावरचा रंग फिका आहे. फक्त रुंद अखंड फळी नको, अरुंद पट्ट्या जोडून घ्या आणि लाकूड निदान दोन उन्हाळे सावलीत रचून वाळलेलं असू दे. परसातला फणस पडला म्हणून लगेच कापून कपाट करायला निघालेली माणसं मी बघितलीयत, त्यांची कपाटं पण बघितलीयत.

प्रश्न (सावंतवाडी): आमची चितार आळीतली लाकडी खेळण्यांची पिढीजात कामं. आमच्याकडे रंगाची कमी नाही. अशा कपाटांना आमच्यासारखे भडक रंग दिले तर शहरातली लोकं घेतील का?

उत्तर: घेतील, पण वीस रंग एकदम दाखवू नका. मोंतानाचं नाव आज रंगासाठी जास्त घेतलं जातं, चाळीसच्या आसपास रंगांत त्यांचं खोकं मिळतं. पण त्यांनी ते असेच वाढवत नेले नाहीत, २०१९ मधे मार्ग्रेटे ओडगॉर्ड नावाच्या रंगाचंच काम करणाऱ्या डिझायनर बाईकडून एका झटक्यात तीस नवीन रंग नव्याने ठरवून घेतले, असे की कुठलाही रंग कुठल्याही रंगाशेजारी ठेवला तर वाईट दिसू नये. एवढं सगळं झाल्यावर गिऱ्हाईकाला निवड करायला दिली. तुमच्याकडे लाखेचे लाल, पिवळा, हिरवा, काळा एवढे रंग पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी बसतायत, ती निवड आधीच झालेली आहे, तेवढ्यातच रहा.

आणि खेळणीवाले आहात म्हणून सांगते, लेगोचे ठोकळे माहितीयत ना, ती कंपनी पण डेन्मार्कचीच आणि ती पण घराण्याचीच, बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्तियान्सन या सुताराने १९३२ मधे सुरू केली, सुरुवातीला लाकडी खेळणी करायचा. पुढे प्लास्टिकचे ठोकळे आले, १९५८ मधे त्याच्या आतल्या नळ्यांचं पेटंट घेतलं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. माप धरून ठेवलं म्हणून.

प्रश्न (चिपळूण): २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं फर्निचर गेलं. आता जे काही करायचं ते भिंतीवर टांगलेलंच करायचं असं ठरवलंय. टिकतं का? भिंती जुन्या चिऱ्याच्या आहेत.

उत्तर: टांगणं चांगलं आणि ते नवं पण नाही, पोल कॅदोव्हियसने १९४८ मधे भिंतीवर उभ्या पट्ट्या मारून त्यावर फळ्या-कपाटं अडकवायची पद्धत डेन्मार्कात आणली, मोंतानाची खोकी पण पट्टीवर टांगता येतात. पण एक लक्षात घ्या, चाललेल्या पुराच्या पाण्यात खोकं कुठे आहे ते महत्त्वाचं, कशाचं आहे ते नाही. त्या जुलैत तुमच्याकडे पाणी किती चढलं त्याची रेघ भिंतीवर अजून असेल, त्याच्या खाली टांगलंत तर टांगून काही उपयोग नाही. खाली लोखंडी रॅक ठेवा, रेघेच्या वर कपाट.

चिऱ्याच्या भिंतीत स्क्रूचा साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, चिरा म्हणजे जांभा दगड, तो भुसभुशीत, आणि जुन्या घरात दोन चिऱ्यांमधे सिमेंट नाही, चुना नाहीतर मातीच आहे. पुस्तकांनी भरलेल्या एकाच फळीचं वजन वीस किलोच्या घरात जातं. तेव्हा प्रत्येक खोक्याला वेगळे स्क्रू नकोत. भिंतभर एक जाड लाकडी पट्टी मारा, लांब बोल्टने, जमलं तर भोकात बोल्ट चिकटवणारं केमिकल टाकून, आणि सांध्यात नको, चिऱ्याच्या मधोमध. त्या पट्टीची वरची कड तिरकी कापा, तशीच उलटी तिरकी पट्टी खोक्याच्या पाठीला, एकमेकांत अडकतात. वजन सगळ्या भिंतीवर वाटलं जातं आणि पावसाळ्याआधी खोकं उचलून माळ्यावर पण नेता येतं. हे तुमच्याकडचा कोणताही सुतार अर्ध्या दिवसात करेल.

प्रश्न (दादर, गाव राजापूर): गावच्या घरात आम्ही तीन भाऊ आळीपाळीने जातो. कपाट कोणाचं यावरून दरवेळी वाद. सुट्या खोक्यांचं केलं तर?

उत्तर: करा की, प्रत्येकाला सारख्या मापाची चार-चार, रंग वेगळा. पण खोकी मोजताना वहिन्यांना बरोबर घ्या, मी अजून काही लिहीत नाही.

प्रश्न (लांजा): फर्निचरचं दुकान आणि मागे वर्कशॉप आहे. मुलगा आणि पुतण्या दोघंही हाताशी आलेत. घरचा धंदा घरातच ठेवून मोठा होतो का, की एका टप्प्यावर बाहेरचा पैसा घ्यावाच लागतो? तुम्ही बापलेकांचं कौतुक केलंत म्हणून विचारतो.

उत्तर: काका, कौतुक बापलेकांचं म्हणून नाही केलं. घरचा धंदा म्हटलं की तो चांगलाच असं काही नसतं, आपल्याकडे घरच्या धंद्यात वाटण्या कशा होतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं असेल. डेन्मार्कात पण सगळं गोड नाही. फ्रिट्झ हान्सन शंभर वर्षं घराण्याची होती आणि मग गेलीच ना बाहेर. पण ती आजही त्याच खुर्च्या चांगल्या बनवते, म्हणजे घराणं गेलं म्हणून दर्जा गेला असंही झालं नाही.

मोंतानात पीटर लासननंतर मुलगा योआकिम आला, कंपनी त्याच्या हातात आली. वडील २०१९ मधे वारले. मुलाने काय केलं ते महत्त्वाचं आहे, त्याने खोकं मोडीत काढून स्वतःचं काहीतरी नवीन दाखवायचा हट्ट केला नाही. खोकं तसंच ठेवलं, रंग नव्याने करून घेतले, वर्नर पँटन या डिझायनरची जुनी तारेची बसायची सिस्टीम, जी १९७१ मधे ओरहूस शहरातल्या एका रेस्टॉरंटसाठी केली होती, ती २०१९ मधे परत बनवायला घेतली. ती पण कशी, तर सुटे तुकडे, एकाला एक जोडा आणि हवी तेवढी रांग करा. वडिलांच्या कल्पनेला धरूनच वाढवलं. पुष्कळ घरांत मुलगा आला की पहिल्यांदा बोर्डावरचं नाव बदलतो.

दुसरं उदाहरण मला स्वतःला जास्त आवडतं. कार्ल हान्सन अँड सन, १९०८ मधे ओडेन्स शहरात सुरू झालेली, म्हणजे त्याच फ्यून बेटावरची. कार्लचा मुलगा होल्गर याने १९४९ मधे हान्स वेगनर या तेव्हा नवख्या डिझायनरला कामाला घेतलं, त्याची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची १९५० पासून बनतेय आणि आजतागायत कधी थांबली नाही. १९६२ मधे होल्गर अचानक गेला. कारखाना मग त्याच्या बायकोने, एलाने, पंचवीसेक वर्षं सांभाळला, १९८८ मधे मोठ्या मुलाकडे दिला, आणि २००२ मधे धाकटा मुलगा क्नुड एरिक आला तिथून तो खऱ्या अर्थाने मोठा झाला. इतका की २०११ मधे त्यांनी कोपनहेगनचं रुड रासमुसन हे जुनं नावाजलेलं वर्कशॉपच विकत घेतलं, मघाशी सांगितलेलं ७६ बाय ७६ चं कपाट बनवणारं. लोक वेगनरचं नाव घेतात, धाकट्या मुलाचं घेतात, मधली ती पंचवीस वर्षं दिवे चालू कोणी ठेवले ते कोणी विचारत नाही. तुमच्या पत्रात मुलगा आहे, पुतण्या आहे. दुकानाचा हिशेब कोण लिहितं? मला का कोण जाणे वाटतं की काकू लिहितात, किंवा सून. तिलाही बैठकीत बसवा.

बाहेरच्या पैशाचं म्हणाल तर ज्या दिवशी तुम्हाला एकच माल परत परत मागणारं गिऱ्हाईक मिळेल त्या दिवशी मशीनसाठी कर्ज काढा. त्याआधी काढलंत तर मशीन धूळ खातं आणि हप्ता चालू राहतो. एज बँडिंगचं, म्हणजे बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवायचं मशीन घेऊन त्यावर कपडे वाळत घातलेले मी दोन-तीन ठिकाणी बघितलेत. मुलगा आणि पुतण्यात काम वाटायचं असेल तर एकाने माप आणि कारखाना बघावा, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणि बसवणं. दोघांनी एकच काम करू नये एवढंच सांगते.

प्रश्न (देवगड): मी एकटा सुतार, एक हेल्पर. समजा माप ठरवायचं झालं तर कुठलं ठरवू? ते ६९.६ च घेऊ का?

उत्तर: नको. ते त्यांच्या बोर्डाचं, त्यांच्या घरांचं माप आहे. तुमची शीट आठ फूट बाय चार फुटांची येते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर, तुमचं माप तिथून निघायला हवं. करवतीच्या प्रत्येक कापात तीन-चार मिलिमीटर भुशात जातात ते धरा. ४०० मिलिमीटरचे चौकोन केलेत तर रुंदीत तीन आणि लांबीत सहा बसतात, अठरा तुकडे, आणि कडेला बोटभर पट्टी सोडली तर वाया काही नाही. तेच ४५० केलंत तर रुंदीत दोनच बसतात आणि एक फुटापेक्षा जास्त रुंद पट्टा उरतो, जो तुम्ही शेडच्या कोपऱ्यात उभा करता आणि तिथेच त्याला वाळवी लागते. तेव्हा ४०० खोल, ८०० उंच असं एक खोकं धरा, बाजूच्या दोन फळ्या ४०० बाय ८०० च्या, तशा एका शीटमधून नऊ निघतात. कपड्यांच्या कपाटाला हँगर आडवा मावायला साधारण ६०० खोली लागते, ती शीटच्या निम्म्या रुंदीत बरोबर बसते. पुस्तकं, डबे, देवघर, टीव्ही हे सगळं ४०० मधे होतं.

मग आतल्या भोकांचं. फळ्या टेकवायच्या पिना, बिजागरी, खण सरकवायचे चॅनल या सगळ्याची भोकं ३२ मिलिमीटरच्या अंतराने मारायची पद्धत जगभर चालते, भोक पाच मिलिमीटरचं, पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर. बाजारातलं बहुतेक हार्डवेअर याच हिशेबाने येतं. जाड प्लायचा नाहीतर लोखंडी पट्टीचा एक फर्मा करून घ्या, तो ठेवायचा नि भोकं मारायची, मग हेल्परने मारली काय नि तुम्ही मारली काय, फळी कुठल्याही खोक्यात बसते. फर्मा लाकडाचा करू नका, तो पण पावसात फुगेल.

पहिल्या वर्षी दोनच आकार करा. गिऱ्हाईक म्हणेल भिंत सव्वासात फुटांची आहे, मग? मग बसतील तेवढी खोकी लावा आणि उरलेली जागा मोकळी सोडा, कुंडी ठेवा, समई ठेवा, पण तेवढ्यासाठी खोकं कापू नका. पहिल्या दोघा-तिघांना हे पटवताना त्रास होईल, एखादं काम हातचं जाईल पण. मापं एका जाड वहीत लिहून ठेवा, कुठल्या घरी कुठला आकार, कुठला लॅमिनेट नंबर, कुठली बिजागरी, कोणत्या महिन्यात, म्हणजे तीन वर्षांनी फोन आला की तुम्हाला परत टेप घेऊन जावं लागणार नाही. लॅमिनेटचे नंबर कंपन्या बंद करत असतात, तेव्हा जो रंग धरलात त्याच्या दोन शीट जास्तीच्या घेऊन ठेवा, आडव्या, उभ्या नको.

दर काय लावू असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, तर चौरस फुटावर लावू नका. खोक्याला दर लावा.